आधी मिल, मग मोटर

"साहेब, मिलला व्हीएफडी बसवायचाय. किती किलोवॅटचा घेऊ?"

असे फोन मला वरचेवर येतात. कधी चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यातून, कधी डोलोमाइटची भुकटी करणाऱ्या एखाद्या छोट्या कारखानदाराकडून, तर कधी नुकताच डिप्लोमा संपवून मेंटेनन्सला लागलेल्या मुलाकडून. मी उलट विचारतो, "दळता काय?" मग पलीकडे जरा वेळ शांतता असते. त्यांना मोटरचे विचारायचे असते आणि मी दगडाचे विचारत असतो. पण त्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय मला पुढचे काही सांगताच येत नाही. क्लिंकर की कोळसा, ओले की कोरडे, दिवसभर एकच माल की दर शिफ्टला वेगळा, मिल दिवसातून किती वेळा थांबते, वीज गेल्यावर आत माल तसाच राहतो का, हे सगळे कळले की मोटर जवळजवळ आपोआप ठरते. हे न विचारता घेतलेली मोटर चालतही असेल, पण ती नशिबाने.

दळणाच्या मिलसाठी बदलत्या वेगाची मोटर कशी निवडावी, हा या पुस्तकाचा विषय आहे. लेखकांनी हस्तलिखित वाचायला दिले तेव्हा पहिली तीन प्रकरणे वाचून मी प्रस्तावना लिहायला लगेच होकार दिला. त्या तीन प्रकरणांत मोटरचे नावही नाही. त्यांत आहेत गोळे, लायनर, मालाचा कडकपणा, ओलावा आणि गुरुत्वाकर्षण. मराठीत या विषयावर हा क्रम धरून कोणी लिहावे याची मी बरीच वर्षे वाट पाहत होतो. आमच्या शॉपफ्लोअरवर ड्राइव्हचा पॅरामीटर मराठीतच समजावला जातो आणि ट्रिप झालेल्या मिलवर रात्री अडीच वाजता वादही मराठीतच होतो. मात्र वाचायला बसले की हाती असते ते कंपन्यांचे इंग्रजी कॅटलॉग, आणि कॅटलॉगची सुरुवात त्यांना विकायच्या वस्तूपासून होते.

आपण मिलपासून सुरुवात करू.

बॉल मिल म्हणजे एक आडवे, पोकळ, पोलादी नळकांडे. आतून लायनरचे अस्तर, आणि पोकळीचा साधारण तिसरा हिस्सा भरेल इतके पोलादी गोळे. मिल फिरू लागली की गोळे लायनरच्या आधाराने एका बाजूने वर चढतात. ठरावीक उंचीवर त्यांचा आधार सुटतो आणि ते खाली कोसळतात. त्या कोसळण्यात आणि एकमेकांवर घासण्यात माल दळला जातो. वेग फार कमी असला तर गोळे तळाशी नुसते लोळतात. वेग फार वाढला तर ते शेलला चिकटून गोल गोल फिरत राहतात, खाली पडतच नाहीत. मिल फिरते, दळण मात्र होत नाही. ज्या वेगाला हे घडते त्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. त्याचा हिशेब वहीच्या कोपऱ्यात मावतो: मिलचा आतला व्यास मीटरमध्ये घ्यायचा आणि 42.3 ला त्याच्या वर्गमुळाने भागायचे. काटेकोर करायचे तर व्यासातून मोठ्या गोळ्याचा व्यास वजा करतात. आतून 3.6 मीटर व्यास असलेल्या मिलचा हा वेग मिनिटाला साधारण 22.3 फेरे येतो. बॉल मिल सहसा त्याच्या 70 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान चालवतात. 74 टक्के धरले तर साडेसोळा फेरे. घरचे जाते याहून भराभर फिरते.

हे साडेसोळा फेरे व्यासाने आणि गुरुत्वाकर्षणाने ठरवले आहेत. मोटर सहा पोलची असेल तर ती 50 हर्ट्झवर 990 च्या आसपास फिरते. तिच्यात आणि मिलमध्ये गिअरबॉक्स, पिनियन आणि गर्थ गिअर मिळून साठपट वेग उतरवतात. याचा अर्थ, मिलचा चांगला वेग कोणता हे गिअर कापतानाच ठरून गेलेले असते. मग व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, बसवून आपण नेमके काय बदलणार आहोत? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता आले, तरच पुढे जाण्यात अर्थ आहे.

दुसरा घोटाळा किलोवॅटचा आहे. आपल्याकडे मोटर किलोवॅटवर किंवा हॉर्सपॉवरवर विकली जाते, पण मिलला लागतो तो टॉर्क. गंजून बसलेला नट पान्याने सोडवून पाहा. मनगटाला जो पीळ जाणवतो तो टॉर्क. नट हललेला नसतो तोवर वेग शून्य, म्हणून किलोवॅटही शून्य, पण मनगट दुखत असते. किलोवॅट म्हणजे टॉर्क आणि वेग यांचा गुणाकार. 9550 ला किलोवॅटने गुणून मिनिटाच्या फेऱ्यांनी भागले की न्यूटन-मीटरमध्ये टॉर्क मिळतो. 2000 किलोवॅटची मोटर 990 फेऱ्यांवर सुमारे 19 हजार 300 न्यूटन-मीटर देते. तीच ताकद साडेसोळा फेऱ्यांवर मिलच्या शेलपाशी पोचते तेव्हा, गिअरमधली गळती सोडली तर, टॉर्क साडेअकरा लाख न्यूटन-मीटरच्या वर जातो. गर्थ गिअरचा एकेक दात एवढा जाडजूड का असतो, ते या एका आकड्यात आहे.

या टॉर्कची खरी परीक्षा मिल उभी असताना असते. गोळे आणि माल तळाशी बसलेले असतात. शेल फिरू लागले की तो सगळा ढीग शेलबरोबर एका बाजूला वर चढतो, घसरत नाही. ढीग जितका वर, तितका मोटरला लागणारा पीळ जास्त. साधारण 40 अंशांच्या आसपास ढिगाचा माथा घसरायला लागतो, गोळे कोसळू लागतात आणि मोटर सुटकेचा श्वास घेते. त्या पहिल्या पाव फेऱ्यापुरता मिलला चालू टॉर्कच्या सव्वापट ते दीडपट टॉर्क लागू शकतो. बॉल मिलच्या मोटरची निवड या पाव फेऱ्यात होते. पुढची पंधरा वर्षे मिल रोज चोवीस तास कशी चालेल, हा त्या मानाने सोपा प्रश्न आहे.

साधी केज मोटर थेट लाइनवर टाकली तर सुरुवातीला ती सहा-सात पट करंट ओढते. त्याने ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज खाली बसते, आणि टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. व्होल्टेज 80 टक्क्यांवर आले की टॉर्क 64 टक्क्यांवर. जेव्हा सगळ्यात जास्त हवा, नेमका तेव्हाच तो सगळ्यात कमी मिळतो. म्हणून आपल्या सिमेंट कारखान्यांनी पिढ्यानपिढ्या स्लिपरिंग मोटर आणि लिक्विड रेझिस्टन्स स्टार्टर यांवर भरवसा ठेवला. मी नोकरीला लागलो तेव्हा मला सगळ्यात आधी या स्टार्टरची टाकी दाखवली होती. सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्या. मिल सुरू करताना पट्ट्या एकमेकींपासून लांब असतात. रोटरच्या वाटेत भरपूर रेझिस्टन्स येतो, म्हणून करंट आवाक्यात राहतो आणि टॉर्क मात्र जोरदार मिळतो. मग छोटी मोटर त्या पट्ट्या हळूहळू जवळ आणते, मिल वेग घेते आणि शेवटी रिंगा शॉर्ट होतात. लागोपाठ तीन-चारदा मिल सुरू करावी लागली तर टाकीतले पाणी तापून वाफ यायची. आमचे फोरमन टाकीच्या पत्र्यावर उलटा हात ठेवत आणि म्हणत, "आता अर्धा तास थांबा." थर्मामीटर जवळच होता, पण त्यांचा हात चुकलेला मला आठवत नाही.

या व्यवस्थेकडे आज जुनाट म्हणून पाहिले जाते. मला ते मान्य नाही. एकच माल, एकच वेग, महिन्यात मोजून चार-पाच स्टार्ट, अशी मिल असेल तर आजही मी स्लिपरिंग मोटरच सुचवेन. साधा हिशेब करून पाहा. व्हीएफडी स्वतः काही वीज उष्णतेत घालवतो. मध्यम व्होल्टेजचा ड्राइव्ह आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर मिळून तीन टक्के धरू. 2000 किलोवॅटला ते 60 किलोवॅट होतात. दिवसाचे चोवीस तास, वर्षाचे 330 दिवस, म्हणजे वर्षाला पावणेपाच लाख युनिट. ती उष्णता पॅनेल रूममध्ये साठते आणि ती बाहेर काढायला एसी लागतो, त्याची वीज वेगळी. एवढे खर्चून मिल कायम 50 हर्ट्झवरच चालवायची असेल, तर तो वेगबदल फक्त कागदावर राहतो.

इथे एक गैरसमज अगदी मुळापासून खोडला पाहिजे. "व्हीएफडी लावला की वीज वाचते" हे वाक्य पंख्याबद्दल खरे आहे. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग 80 टक्के केला की ताकद साधारण 51 टक्क्यांवर येते. डॅम्पर अर्धा मिटून हवा कोंडणाऱ्या पंख्याला ड्राइव्ह लावणे म्हणजे रोजची गळती बंद करणे. बॉल मिलचे तसे नाही. तिला लागणारा टॉर्क वेग बदलला तरी फारसा बदलत नाही. वेग 80 टक्के केला की ताकद 80 टक्के होते, आणि दळणही त्याच सुमारास घटते. युनिट कमी लागले खरे, पण मालही कमी निघाला. टनामागे किती युनिट लागले, हा एकच आकडा खरा आहे. तो विचारायच्या ऐवजी महिन्याच्या बिलाकडे बोट दाखवून ड्राइव्ह विकलेला मी पाहिला आहे, म्हणून हे इतके ठासून लिहितो.

मग मिलचा वेग बदलण्यात काहीच अर्थ नाही का? भरपूर आहे, पण जिथे माल बदलतो तिथे. चिली आणि पेरूच्या तांब्याच्या खाणींत सॅग मिल असतात. त्यांत गोळ्यांइतकेच काम मोठे दगडच एकमेकांना फोडून करतात. खाणीतून कधी कडक खनिज येते, कधी भुसभुशीत. मऊ माल आला की मिलमधला भरणा उतरतो आणि वरून पडणारे गोळे मालावर न पडता थेट लायनरवर आपटतात. तिथे वेग कमी केला नाही तर महागडे लायनर फुटतात. तिथल्या ऑपरेटरला वेगाचे बटण फीडरच्या बटणाइतकेच हवे असते. दुसरे उदाहरण जवळचे आहे. मोरबीच्या सिरॅमिक कारखान्यांत बॅच बॉल मिल असते. माती, फेल्डस्पार आणि पाणी एकदम भरायचे आणि तासन् तास फिरवायचे. सुरुवातीला खडे मोठे असतात तेव्हा पूर्ण वेग लागतो. पुढे गाळ बारीक होत जातो तसा वेग उतरवला तरी चालते. तिथे एकाच बॅचच्या आत माल बदलत जातो, म्हणून ड्राइव्हला काम आहे.

आपल्याकडच्या सिमेंट मिलमध्येही वेग बदलतो, पण बहुतेकदा मिलच्या शेलचा नाही. तो बदलतो सेपरेटरचा. मिलमधून निघालेली भुकटी सेपरेटर बारीक आणि जाड अशी निवडतो आणि जाड परत मिलकडे पाठवतो. त्याच्या रोटरचा वेग वाढवला की सिमेंट आणखी बारीक होते. आयएस 269 प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटची बारकाई किलोला किमान 225 चौरस मीटर लागते, आणि राख मिसळलेल्या पोझोलाना सिमेंटची आयएस 1489 प्रमाणे किमान 300. एकाच मिलवर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे काढायचे असेल, तर बदल सेपरेटरवर होतो. त्या दोन-तीनशे किलोवॅटच्या मोटरला चांगला ड्राइव्ह द्या, मिलच्या पंख्याला द्या, आणि मोठ्या मिलच्या मोटरला हात लावण्याआधी थांबून विचार करा. व्हर्टिकल रोलर मिलबद्दल पुस्तकात सविस्तर प्रकरण आहे, म्हणून इथे एवढेच सांगतो: तिथे रोलर वर उचलून टेबल रिकामे सुरू करता येते, त्यामुळे सुरुवातीच्या टॉर्कची धास्ती बॉल मिलइतकी नसते. तिथली बरीचशी वीज मोठ्या पंख्यात जाते.

बदलत्या वेगाचा इतिहास लेखकांनी थोडक्यात आटोपला आहे आणि ते योग्यच आहे. पण एक धागा मला जोडावासा वाटतो. टेस्लाने इंडक्शन मोटरची पेटंट 1888 साली मिळवली. मोटर कणखर, पण वेग लाइनच्या हर्ट्झला बांधलेला. 1891 मध्ये हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांनी डीसी मोटरचा वेग हवा तसा फिरवायची पद्धत आणली. त्यासाठी एका मोटरमागे आणखी दोन यंत्रे फिरवावी लागत. पुढे जवळजवळ शतकभर "वेग बदलायचा म्हणजे डीसी" हेच समीकरण राहिले. दळणाच्या जागी मात्र डीसी मोटर म्हणजे रोजचा जाच. हवेत भुकटी, कम्युटेटरवर भुकटी, ब्रशखाली भुकटी. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सीमेन्सच्या फेलिक्स ब्लाश्के यांनी एसी मोटरमधला करंट दोन भागांत पाहायला शिकवले, एक चुंबकत्व देणारा आणि एक पीळ देणारा. त्यामुळे साध्या केज मोटरकडूनही डीसीसारखे काम घेणे शक्य झाले. आज ड्राइव्हच्या मेनूमध्ये "व्हेक्टर कंट्रोल" असे जे दिसते, ते हेच. मिल सुरू करताना तोच मोड लागतो. साध्या व्ही-बाय-एफ मोडमध्ये अगदी कमी हर्ट्झवर टॉर्क ढेपाळतो, आणि आपल्याला तर तो शून्य फेऱ्यांवरच पूर्ण हवा असतो.

याच काळात एका टोकाची कल्पनाही प्रत्यक्षात आली. फ्रान्समधल्या ल हाव्र इथल्या सिमेंट कारखान्यात 1969 मध्ये गिअर नसलेली मिल सुरू झाली. मोटरचे पोल सरळ मिलच्या शेलवर बसवले आणि भोवती स्टेटरचे मोठे कडे उभे केले. मिल हाच रोटर. सायक्लोकन्व्हर्टर लाइनची फ्रिक्वेन्सी उतरवून पाच-सहा हर्ट्झच्या घरात आणतो आणि मिल तेवढ्याच सावकाश फिरते. सिमेंटमध्ये जन्मलेली ही कल्पना वाढली मात्र खाणींत, कारण तिथल्या मिल इतक्या मोठ्या झाल्या की गिअरचे दात पुरेनात. ऑस्ट्रेलियातल्या केडिया हिल खाणीत 40 फूट व्यासाची, 20 मेगावॉटची अशी मिल बसवली गेली. आपल्या वाचकाला अशी मोटर निवडायची वेळ बहुधा येणार नाही. पण तिथले अभियंते मिल आणि मोटर हे एकच यंत्र मानतात, ती दृष्टी 100 किलोवॅटच्या मिललाही उपयोगी पडते.

ती दृष्टी नसली की काय होते, ते मी एका खनिज भुकटीच्या कारखान्यात पाहिले. नाव सांगत नाही. तिथे 132 किलोवॅटची बॉल मिल होती. जुनी स्लिपरिंग मोटर काढून नवी केज मोटर आणि तेवढ्याच किलोवॅटचा ड्राइव्ह बसवला होता. आकडा आकड्याला जुळला होता. पण ड्राइव्ह नॉर्मल ड्यूटीचा निवडला होता, म्हणजे मिनिटभरापुरता 110 टक्के करंट देणारा. मिल रिकामी असताना छान फिरली. भरल्यावर शेल हातभर वर चढायचे, ड्राइव्ह ट्रिप व्हायचा आणि मिल पाळण्यासारखी मागे झुलायची. ती झुलत असतानाच ऑपरेटर पुन्हा बटण दाबायचा. मोटर पुढे ओढतेय, मिल मागे येतेय आणि मधे गिअरचे दात. मी पोचलो तेव्हा त्यांनी त्यावर एक उपाय शोधला होता. वीज गेली की मॅनहोल उघडायचे, माणसे आत घालून गोळे बाहेर काढायचे, मिल सुरू करायची, थांबवायची आणि गोळे परत भरायचे. मे महिना होता. मिलच्या पोटातून घमेल्याने गोळे बाहेर देणाऱ्या त्या पोरांचे घामाने आणि पांढऱ्या भुकटीने माखलेले चेहरे मी विसरलेलो नाही. कारखान्याच्या भाषेत सगळा दोष मोटरवर आला होता, आणि मोटर अगदी निर्दोष होती. मिनिटभर 150 टक्के देणारा हेवी ड्यूटीचा मोठा ड्राइव्ह बसवला, व्हेक्टर मोड लावून मोटर ट्यून केली, आणि मिल पहिल्याच प्रयत्नात भरलेल्या अवस्थेत उठली. सुरुवातीच्या कोटेशनमध्ये दोन ड्राइव्हच्या किमतीत जो फरक होता, त्याहून जास्त पैसे त्यांनी तीन महिन्यांच्या बंद उत्पादनात घालवले होते. माणसांचा जीव धोक्यात घातला, त्याची तर मोजदादच नाही.

उष्णतेबद्दल लेखकांनी एक आख्खे प्रकरण दिले आहे, आणि विदर्भात काम केलेल्या माणसाला ते फार जवळचे वाटेल. बहुतेक मोटरच्या नेमप्लेटवरची ताकद 40 अंश सेल्सिअस भोवतालच्या तापमानासाठी असते. चंद्रपूरला मे महिन्यात सावलीतच 45 च्या वर जाते, आणि मिल हाऊसमध्ये तापलेल्या शेलशेजारी आणखी वाढते. तिथे नेमप्लेटवरचा आकडा पूर्ण मिळेल असे धरून चालणे धोक्याचे आहे. त्यात वेग उतरवला की दुसरे संकट. साध्या मोटरचा थंड करणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. 25 हर्ट्झवर तो अर्ध्या वेगाने फिरतो, पण मिलला टॉर्क पूर्णच लागतो, म्हणून मोटर करंट पूर्णच ओढते. उष्णता तेवढीच, वारा अर्धा. अशा ठिकाणी वेगळ्या मोटरवर चालणारा फोर्स्ड कूलिंग पंखा लागतोच, आणि त्याच्या जाळीवरची भुकटी दर आठवड्याला काढायला माणूस लागतो. दुसऱ्या बाजूला, 50 हर्ट्झच्या वर नेऊन जास्त उत्पादन काढू म्हणणाऱ्यांनीही जपावे. व्होल्टेज लाइनपेक्षा वर जात नाही, म्हणून वेग वाढतो तसा टॉर्क उतरतो.

आता बेअरिंगची एक गोष्ट, कारण तिने मला बरेच शिकवले. एका कारखान्यात ड्राइव्हवर घेतलेल्या पंख्याच्या मोटरची चार महिन्यांत तीन बेअरिंग गेली. ग्रीस बदलले, अलाइनमेंट पाहिले, बेअरिंगची कंपनी बदलली. शेवटी आमच्या फिटरने जुने बेअरिंग कापून माझ्या टेबलावर ठेवले. आतल्या रिंगवर एकसारख्या समांतर रेषा उमटल्या होत्या, कपडे धुण्याच्या खाचांच्या फळीवर असतात तशा. बोट फिरवले तर नखाला खरखर लागत होती. ती यांत्रिक झीज नव्हती. ड्राइव्ह व्होल्टेजचे तुकडे करून सोडतो, त्यातून शाफ्टवर व्होल्टेज साठते आणि ते ग्रीसचा पातळ थर फोडून बेअरिंगमधून जमिनीकडे जाते. दर वेळी सूक्ष्म ठिणगी, दर ठिणगीला सूक्ष्म खड्डा. मागच्या बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग, पुढे शाफ्टला अर्थिंग ब्रश आणि सर्व बाजूंनी नीट अर्थ केलेली शील्डेड केबल, एवढ्यावर ते दुखणे थांबले. हे सगळे मोटर मागवतानाच ऑर्डरमध्ये लिहिले असते तर खर्च किरकोळ होता. ड्राइव्हपासून मोटर लांब असेल तर केबलच्या टोकाला व्होल्टेज परावर्तित होऊन दुपटीपर्यंत चढू शकते आणि वाइंडिंगचे इन्सुलेशन खाते. त्यासाठी फिल्टर कधी लावायचा, आणि हार्मोनिक्स आवरायला 12 किंवा 18 पल्सचा ट्रान्सफॉर्मर कधी लागतो, हे पुस्तकात नीट आले आहे. मी ते इथे पुन्हा सांगत नाही.

वाचकाला एक विनंती आहे. पुस्तक हातात घेण्याआधी एकदा आपल्या मिलपाशी जाऊन या. आतला व्यास, गिअरचे प्रमाण, गोळ्यांचे टन, नेमप्लेटवरचा करंट आणि चालू करंट, महिन्यातले स्टार्ट आणि त्यांतले भरलेल्या मिलचे किती, हे एका पानावर उतरवा. स्टार्ट होताना करंटचा काटा कुठवर जातो ते ट्रेंडवरून पाहा, नाहीतर स्वतः उभे राहून पाहा. यातल्या निम्म्या गोष्टी कारखान्यात कोणालाच नक्की माहीत नसतात, हा माझा अनुभव आहे. ते पान समोर असेल तर पुस्तकातले प्रत्येक गणित तुमच्या मिलचे होईल.

शेवटचे प्रकरण पहिल्या स्टार्टचे आहे, आणि मला ते सगळ्यात जास्त आवडले. बरेच दिवस बंद राहिलेल्या मिलमध्ये, विशेषतः पावसाळ्यात, माल ओलावा धरतो आणि गोळ्यांसकट एक सलग ढेकूळ बनते. अशी मिल सुरू केली तर 40 अंशांवर काहीच घसरत नाही. ढेकूळ शेलला धरून वर वर चढत जाते आणि माथ्याजवळून एकदम सुटते. टनावारी पोलाद एका घावात लायनरवर, शेलवर, ट्रनियनवर. इथे बदलत्या वेगाचा ड्राइव्ह आपली किंमत खऱ्या अर्थाने वसूल करून देतो, मग पुढे मिल कायम एकाच वेगाने का चालेना. त्याला अगदी सावकाश फिरवायला सांगता येते आणि कोन व टॉर्क दोन्हीवर लक्ष ठेवता येते. शेल थोडे पुढे जाते, करंट चढत जातो, 30 अंश, 40, 50. मिल हाऊसमध्ये कोणी बोलत नाही. मग आतून पहिले गोळे घसरल्याचा खडखडाट येतो आणि करंटची रेघ वाकून सपाट होते. तो आवाज 60 अंशांपर्यंत आला नाही आणि रेघ चढतच राहिली, तर तिथेच थांबायचे, मिल हळूच मागे सोडायची, मॅनहोल उघडायचे आणि आधी ढेकूळ फोडायचे.